पुढचे यंत्र कसे असावे?

मुलांच्या खेळांवर रेडिओवरून बोलायचे म्हटले की विटी-दांडू, लगोरी, सागरगोटे यांची थोरवी ऐकायला मिळणार, अशी आपली समजूत होते. आज मात्र मी निराळ्याच खेळण्याविषयी बोलणार आहे. हातात मावणारा, सेलवर चालणारा, बटणे दाबून खेळायचा व्हिडिओ गेम, हा आजचा विषय. नाक मुरडू नका. या खेळण्याला आता जवळजवळ पन्नास वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात गुरुजींनी आणि आईबापांनी ध्यानात घ्यावे असे पुष्कळ आहे.

या यंत्रांची एक गंमत आहे. नवे यंत्र दुकानात येऊन वर्ष लोटत नाही, तोच पुढच्या पिढीची वाट पाहणे सुरू होते. पिढी म्हणजे माणसांची नव्हे बरे का, यंत्राची! पुढच्यात रंग हवेत, पुढच्यात उजेड हवा, पुढचे अधिक वेगवान हवे. मुले मागतात, तरुण मागतात, आता तर चाळिशीतले बापेही मागतात. लोकांनी काय मागितले आणि करणाऱ्यांनी काय दिले, हे शेजारी शेजारी मांडून पाहिले तर मोठी मौज दिसते.

आरंभ जपानातल्या क्योटो शहरापासून करू. तेथे १८८९ साली फुसाजिरो यामाउची नावाच्या गृहस्थाने हानाफुदा म्हणजे फुलांची चित्रे असलेले पत्ते करण्याचा धंदा काढला. तीच पुढची निन्टेंडो कंपनी. या पत्त्यांच्या कारखान्यात १९६५ साली गुनपेई योकोई नावाचा विजेचे शिक्षण घेतलेला तरुण नोकरीला लागला. काम काय, तर यंत्रांची देखभाल. काम थोडे आणि वेळ फार, म्हणून त्याने लांबवर पोचणारा एक घडीचा चिमटा आपल्या करमणुकीसाठी केला. मालक हिरोशी यामाउची यांच्या नजरेस तो पडला. आता बोलणी खावी लागणार असे वाटत असता मालक म्हणाले, हा विकायला काढा. १९६६ साली ‘अल्ट्रा हँड’ या नावाने तो बाजारात आला आणि दहा लाखांहून अधिक खपला. देखभाल करणारा माणूस खेळणी करणारा झाला, तो असा.

हातातले विजेचे खेळ तेव्हा नव्हतेच. अमेरिकेत मॅटेल कंपनीने १९७६ साली मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ काढला. त्यात मोटार म्हणजे लाल दिव्याचा एक ठिपका. १९७९ साली मिल्टन ब्रॅडली कंपनीच्या ‘मायक्रोव्हिजन’मध्ये खेळ बदलता येऊ लागले. आपली मुले ज्याला ‘कॅसेट’ म्हणत, तशी कॅसेट त्यात घालावी लागे. पण हे यंत्र फार काळ टिकले नाही.

योकोईंना कल्पना सुचली ती आगगाडीत, असे सांगतात. कंटाळलेला एक नोकरदार गृहस्थ खिशातल्या गणकयंत्राची बटणे उगाच दाबत बसला होता. मोठ्या माणसालाही वेळ घालवायला काही तरी हवे असते, पण ते चारचौघांत लपवता आले पाहिजे, हे योकोईंनी हेरले. त्या सुमारास जपानात गणकयंत्रांच्या कंपन्यांची भाव पाडण्याची चढाओढ लागली होती आणि त्यापायी आकडे दाखवणाऱ्या काचपट्ट्या स्वस्त झाल्या होत्या. शार्प कंपनीच्या त्या पट्ट्या घेऊन १९८० साली ‘गेम अँड वॉच’ हे खेळणे निघाले. खेळही आणि घड्याळही. पुढे या मालेतली चार कोटींहून अधिक खेळणी विकली गेली.

याच मालेत १९८२ साली ‘डाँकी काँग’ आला. तो डबीसारखा मिटायचा. मिटताना वर आलेला दांडा आड येईल, म्हणून योकोईंनी दांड्याऐवजी अधिकचिन्हाच्या आकाराचे चपटे बटण बसवले. वर, खाली, डावे, उजवे. आज जगात जिथे जिथे व्हिडिओ गेम खेळतात तिथे हे बटण या ना त्या रूपात सापडते. डबी मिटावी एवढ्या अडचणीतून ते निघाले!

योकोईंचा एक सिद्धान्त होता. जपानी शब्दांचा सरळ अर्थ ‘वाळलेल्या तंत्राचा आडवा विचार’ असा होईल. कोडे वाटते, पण कुठल्याही सुताराला विचारा. ओल्या लाकडाचा दरवाजा केला तर पुढे तो वाकतो, फुगतो. लाकूड वाळू द्यावे, मग हात लावावा. तंत्राचेही तसेच. नवे असते तेव्हा महाग असते, त्यात खोडी असतात. ते जुने झाले, स्वस्त झाले, त्याच्या साऱ्या खोडी कळल्या, म्हणजे मग ते कोणी योजले नव्हते अशा कामाला लावावे. आपल्याकडे जुन्या सायकलच्या चाकावर विहिरीचे पाणी काढणारा माणूस दुसरे काय करतो?

या सिद्धान्ताची खरी परीक्षा झाली १९८९ साली. त्या वर्षी २१ एप्रिल रोजी जपानात ‘गेम बॉय’ निघाला. किंमत १२,५०० येन. हातभर जाडीचा नव्हे, पण खिशात घालायचा तर खिसा मोठा हवा, असा करडा ठोकळा. पडदा हिरवट, त्यावर काळसर छटा चार, रंग नाही, आतून उजेड नाही. त्याच वर्षी अमेरिकेत अटारी कंपनीचा ‘लिंक्स’ आला. तो रंगीत, त्याचा पडदा उजळलेला. १९९० साली सेगा कंपनीचा ‘गेम गिअर’ आला, तोही रंगीत. कोणीही म्हणावे, ठोकळ्याचे आता संपले.

योकोईंनीच पुढे सांगितलेली हकीकत अशी, की त्यांचा एक सहकारी तोंड पाडून आला आणि दुसऱ्या कंपनीने यंत्र काढल्याची बातमी त्याने दिली. योकोईंनी विचारले, रंगीत की काळेपांढरे? रंगीत, असे उत्तर आले. तर मग आपल्याला काळजी नाही, असे योकोई म्हणाले.

या निर्धास्तपणाचे इंगित सेलात होते. गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागत आणि ते पंधरा तासांच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक चालत. गेम गिअरला सहा सेल लागत, आणि ते तीन ते पाच तासांत संपत. लिंक्सचेही तेच. रंगासाठी पडद्यामागे दिवा पेटता ठेवावा लागे आणि तो दिवा सेल खाऊन टाकी. एका रविवारच्या खेळापायी सहा-सहा सेल कोणता बाप पुन्हा पुन्हा आणून देईल? किंमतही पाहा. अमेरिकेत गेम बॉय नव्वद डॉलरच्या आत मिळे, लिंक्स जवळजवळ १८० डॉलरला.

रंगाविषयी योकोईंनी दिलेला दाखला गुरुजींना पटेल. फळ्यावर खडूने एकावर एक दोन वर्तुळे काढा आणि हा बर्फाचा माणूस म्हणून सांगा. पाहणाऱ्याला बर्फाचा पांढरेपणा आपोआप जाणवतो. मन रंग भरून घेते. आपल्या खेड्यातल्या शाळांतून एका काळ्या फळ्यावर आणि खडूच्या तुकड्यावर हिमालयापासून शेतातल्या बैलजोडीपर्यंत सारे काही आजवर दाखवले गेले आहे, तेव्हा यात आपल्याला नवल वाटू नये.

आणि एक नशिबाचा भाग. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीत काम करणाऱ्या अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ साली ‘टेट्रिस’ हा खेळ रचला होता. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून ओळ भरायची, भरलेली ओळ नाहीशी होते. ज्या संगणकावर तो पहिल्याने झाला त्याला चित्रे काढता येत नव्हती, म्हणून ठोकळे कंसांच्या चिन्हांनी दाखवले होते! असा खेळ चार छटांच्या पडद्यावर अडणार थोडाच? हेंक रॉजर्स नावाचे गृहस्थ १९८९ साली मॉस्कोला गेले आणि त्यांनी या खेळाचे हक्क मिळवले. अमेरिकेत तो प्रत्येक गेम बॉयबरोबर दिला गेला. पाजितनोव यांना मात्र आपल्या खेळाचा मोबदला १९९६ पर्यंत मिळाला नाही. ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

१९९०च्या दशकात आपल्याकडे जत्रेत आणि आठवड्याच्या बाजारात ‘ब्रिक गेम’ नावाची स्वस्त खेळणी येत, ती आठवतात का? खोक्यावर ९९९९ खेळ असल्याचे छापलेले असे आणि आत बहुतेक त्याच त्याच ठोकळ्यांची फिरवाफिरव. तो ह्याच टेट्रिसचा गरीब चुलतभाऊ. मॉस्कोतल्या गणिताच्या माणसाची करमणूक तशा वाटेने आमच्या यात्रेतल्या पालाखाली येऊन पोचली होती.

गेम बॉय किती टणक होता, याची एक साक्ष आहे. १९९०-९१ च्या आखाती युद्धात एका अमेरिकन सैनिकाचा गेम बॉय आगीत होरपळला. वरचे कवच वितळून वाकडे झाले. पण आतले यंत्र चालूच होते. न्यूयॉर्कच्या निन्टेंडोच्या दुकानात तो पुष्कळ वर्षे काचेआड ठेवला होता, आणि पडद्यावर टेट्रिस चाललेला असे. १९९३ साली रशियन अंतराळवीर अलेक्सांदर सेरेब्रोव यांनी एक गेम बॉय ‘मीर’ या अवकाशस्थानकावरही नेला होता.

आता मागण्यांकडे येऊ. रंग हवा, ही मागणी पहिल्या दिवसापासूनची. ती पुरी झाली १९९८ साली, म्हणजे नऊ वर्षांनी. उजेड हवा, ही दुसरी. त्या वर्षी उजेडाचा एक गेम बॉय निघाला खरा, पण तो जपानातच विकला गेला. २००१ साली ‘गेम बॉय अॅडव्हान्स’ ही नवी पिढी आली. बळ वाढले, रंग वाढले, आणि उजेड? नाहीच! मुले खिडकीशी, दिव्याखाली यंत्र तिरके धरून बसत. २००३ साली मिटणारा, विजेवर भरता येणारा आणि उजेडाचा ‘एसपी’ निघाला तेव्हा कुठे ही ओरड थांबली. चौदा वर्षे लागली. आमच्या वाडीत खांब उभे राहून तार यायला लागलेली वर्षे ज्यांना आठवतात, त्यांना हा काळ फार वाटायचा नाही.

पण मधल्या काळात असे एक मिळाले, जे कोणीच मागितले नव्हते. टोकियोजवळच्या माचिदा गावात सातोशी ताजिरी नावाचा मुलगा लहानपणी किडे-भुंगेरे गोळा करीत हिंडे. गाव वाढत गेले, तळी बुजली, शेतांवर इमारती आल्या, किडे दिसेनासे झाले. मोठेपणी त्याने दोन गेम बॉय एकमेकांना जोडणारी तार पाहिली. ती तार एकमेकांशी झुंजण्यासाठी होती. याच्या डोळ्यांपुढे त्या तारेवरून या यंत्रातून त्या यंत्रात चालत जाणारा किडा उभा राहिला. सहा वर्षे खपून त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी १९९६ च्या फेब्रुवारीत ‘पोकेमॉन’ आणला. खेळाच्या दोन आवृत्त्या, लाल आणि हिरवी. काही प्राणी एकीत, काही दुसरीत. साऱ्यांचा संग्रह हवा तर मित्राकडे जायलाच हवे, तार जोडायलाच हवी, देवाणघेवाण करायलाच हवी. गेम बॉय तेव्हा सात वर्षांचा म्हातारा झाला होता. त्याला या खेळाने पुन्हा तरुण केले. काळ्यापांढऱ्या आणि रंगीत गेम बॉयची मिळून विक्री पुढे ११ कोटी ८६ लाखांवर गेली.

योकोईंना हे वैभव कंपनीत राहून फार काळ पाहता आले नाही. त्यांचे ‘व्हर्च्युअल बॉय’ हे डोळ्यांना लावून पाहायचे लाल चित्रांचे यंत्र १९९५ साली साफ पडले. १९९६ साली ते कंपनीतून बाहेर पडले आणि ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्त्यावरच्या अपघातात वारले. त्यांच्या नव्या संस्थेने बांदाई कंपनीसाठी आखलेले ‘वंडरस्वान’ हे यंत्र १९९९ साली, त्यांच्यामागे निघाले. ते एकाच पेन्सिल सेलवर चाले. शेवटपर्यंत गृहस्थाने सेलांचा हिशेब सोडला नाही!

पुढची वर्षे भराभर सांगतो. २००४ साली लोक अधिक बळकट यंत्र मागत होते. सोनी कंपनीच्या ‘पीएसपी’ने ते दिले. निन्टेंडोने त्याच वर्षी ‘डीएस’ काढला. दोन पडदे, त्यांतला एक लेखणीने स्पर्श करण्याचा. दोन पडदे कोणी मागितले होते? कोणी नाही. पण आजी-आजोबासुद्धा त्यावर आकडेमोडीचे खेळ खेळू लागले आणि ती यंत्रे पंधरा कोटींच्या वर खपली. म्हणजे मागणाऱ्याचे न ऐकणेच शहाणपणाचे का? तसेही नाही. २०११ साली ‘थ्रीडीएस’ आला. चष्म्यावाचून चित्र खोल दिसायचे. हेही कोणी मागितले नव्हते, आणि या वेळी लोकांनी पाठ फिरवली. सहा महिन्यांच्या आत किंमत २५,००० येनवरून १५,००० वर आणावी लागली. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांनी खोल चित्र पाहू नये, अशी सूचना कंपनीच देत होती. मग २०१३ साली तीच यंत्रे खोलीवाचूनची, न मिटणारी, स्वस्त अशी काढली. इवाता २०१५ साली वारले. त्यानंतर २०१७ च्या मार्चमध्ये ‘स्विच’ आला. हातात धरा किंवा घरच्या टीव्हीला जोडा. तोही पंधरा कोटींहून अधिक विकला गेला.

या स्विचच्या पुढच्या पिढीची वाट लोकांनी आठ वर्षे पाहिली. या वेळच्या मागण्या मला अधिक शहाण्या वाटतात, कारण त्या नुसत्या रंगाच्या आणि वेगाच्या नव्हत्या.

पहिली मागणी टिकाऊपणाची. स्विचच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याने फिरवायच्या दांड्या आहेत. त्यांच्या बुडाशी घासणारी पट्टी असते. जुन्या रेडिओत आवाज लहानमोठा करायच्या बटणाखाली असते, त्याच जातीची. ते बटण वर्षानुवर्षे फिरवल्यावर रेडिओ खरखरू लागे, हे आपल्याला ठाऊक आहे. इथे खरखर ऐकू येत नाही. बोट न लावताही पडद्यावरचा माणूस आपला एका दिशेला चालू लागतो! या त्रासाबद्दल कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी २०२० साली भागधारकांच्या सभेत क्षमाही मागितली. यावर तोड जुनीच आहे. न घासता लोहचुंबकाने हालचाल ओळखायची. सेगा कंपनीच्या १९९८ च्या ‘ड्रीमकास्ट’मध्ये ती होती. वाळलेले लाकूड म्हणतात ते हेच. ५ जून २०२५ रोजी ‘स्विच २’ आला तेव्हा त्यातही ही चुंबकाची दांडी नव्हती. दांड्या नव्याने घडवल्या आहेत, एवढेच कंपनीने सांगितले. योकोई असते तर काय म्हणाले असते, असा विचार मनात येतो खरा.

दुसरी मागणी, जुने खेळ नव्या यंत्रावर चालावेत. गरिबाच्या घरात थोरल्याची पुस्तके धाकटा वापरतो, त्यातलीच ही गोष्ट. ही मागणी बहुतांशी पुरी झाली. जुन्या स्विचच्या बहुतेक कॅसेटी नव्यावर चालतात.

तिसरी गोष्ट मागणीहून काळजीची अधिक. पूर्वी कॅसेट म्हणजे खेळ. ती शेजाऱ्याला द्या, विका, वीस वर्षांनी माळ्यावरून काढून लावा, खेळ सुरू. स्विच २ च्या काही कॅसेटींत खेळ नाहीच, नुसती किल्ली आहे. खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा आणि वर कॅसेटही लावायची. जिथे टेकडीवर चढल्याखेरीज फोनला रेंज येत नाही, तिथल्या मुलाने काय करावे? आणि पलीकडचे भांडार बंद झाले तर? ही भीती उगाच नव्हे. थ्रीडीएसचे इंटरनेटवरचे दुकान मार्च २०२३ मध्ये खरेदीला बंद झाले आणि एप्रिल २०२४ मध्ये दुरून एकमेकांशी खेळण्याची सोयही गेली. १९८९ चा टेट्रिस मात्र चार सेल घातले की आजही पडू लागतो. विकत घेतलेली वस्तू आपली किती, हा प्रश्न खेळण्यापुरता राहिलेला नाही. बियाणे, ट्रॅक्टर आणि पुस्तके घेणाऱ्यांपुढेही तो येतो आहे.

एवढे सगळे असून यंत्राला गिऱ्हाईक कमी पडले म्हणाल तर तसे नाही. पहिल्या चार दिवसांत पस्तीस लाखांहून अधिक यंत्रे गेली. जपानात तर विक्रीआधी कंपनीच्या दुकानात सोडत काढावी लागली आणि बावीस लाख लोकांनी नावे दिली. निघाले तेव्हा किंमत अमेरिकेत साडेचारशे डॉलर होती. नव्या यंत्राची वीज, कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे, खेळ पाहून दोन ते साडेसहा तास पुरते. म्हणजे जड खेळ लावला तर आपण पुन्हा गेम गिअरच्या सहा सेलांपाशीच येऊन ठेपतो!

तर मग पुढच्या यंत्राकडून काय मागावे? मला विचाराल तर मी वेग मागणार नाही, तो न मागताही येतो. मी मागेन ते असे, की विजेचा साठा घरच्या घरी बदलता यावा. गेम बॉयच्या पाठीवर एक झाकण असे. अंगठ्याने सरकवले की उघडे. आत चार सेल, वाण्याकडे मिळणारे. आताच्या यंत्रांत बॅटरी आतच बंदिस्त असते. तीन-चार वर्षांनी ती थकली की कारागीर शोधावा लागतो, नाही तर यंत्र कपाटात जाते. युरोपात याबाबत २०२३ साली कायदा झाला आहे. हातात बाळगायच्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे, असे तो सांगतो. लागू होण्याची तारीख १८ फेब्रुवारी २०२७ ठरली आहे. तिकडे विकायचे तर झाकणाचा विचार कंपन्यांना पुन्हा करावा लागेल, आणि तिकडच्यासाठी केलेले झाकण इकडे येणाऱ्या यंत्रांनाही बसू शकते.